बनुकाकींच्या मोटरीचा निरोप

पलूसजवळच्या माझ्या माहेरी आमच्या शेजारी बनुबाई राहतात. आम्ही त्यांना काकी म्हणतो. मालक लवकर गेले. दीड एकर ऊस आणि एकुलता एक इंद्रजित, एवढाच त्यांचा पसारा. इंद्रजित फौजेत सिग्नलला, म्हणजे संदेश-दळणवळणाच्या विभागात होता.

शेतीची लाईट कधी येईल याचा नेम नाही. म्हणून एका सुट्टीत त्यानं विहिरीवर तळहाताएवढा बोर्ड बसवला, त्यात सिमकार्ड घातलं. लाईट आली की बोर्ड मोटर चालू करायचा आणि काकींच्या फोनवर निरोप यायचा, ‘आई, पाणी सुटलं. आता जेव.’ पाण्याच्या काळजीत आई उपाशी बसते, हे त्याला ठाऊक होतं. सुट्टी संपवून तो गेला आणि चार महिन्यांनी लडाखात त्याची गाडी दरीत गेली. निरोप मात्र येत राहिले. तीन वर्षं आले.

काकी काही खुळ्या नाहीत. “यंत्र हाय ते, मला कळतंय की,” म्हणायच्या. पण निरोप आल्याशिवाय ताट घ्यायच्या नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खोल गेलं आणि मोठी मोटर घ्यावी लागली. ती करंट जास्त ओढायची. जुन्या मोटरीच्या मापाचा बोर्ड तिला दोन मिनिटांत बंद पाडायचा. ऊस करपायला लागला. वायरमन आप्पासो म्हणाले, “काकी, काढून टाका ह्यो बोर्ड. थेट जोडतो. लय हट्टी हाय, इंद्रजितसारखाच.”

“हात लावू नगंस त्याला. माया येती कुपवाडातनं. ती बघंल.”

माया म्हणजे मी. कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये मी अशाच बोर्डांत प्रोग्राम भरते. इंद्रजितनं हा बोर्ड आमच्याकडूनच कोरा नेला होता. चिपच्या कोपऱ्यात बूटलोडर नावाचा एक लहानसा प्रोग्राम कायम बसलेला असतो. बटण दाबलं की तो क्षणभर वायरीकडे कान देतो. वायरीतून नवीन प्रोग्राम आला तर भरून घेतो, नाहीतर आहे तोच चालू करतो. दिवसाला दीडशे बोर्ड माझ्या हाताखालून जातात, सगळे कोरे. वायर लाव, बटण दाब, एंटर मार, पुढचा घे.

“त्याचं हाय तसं ठिव, माये,” काकी म्हणाल्या. “निस्ती मोटर चालू दे.”

“व्हय काकी.”

मी ठरवूनच आले होते. आधी जुना प्रोग्राम वाचून लॅपटॉपवर घ्यायचा, त्यातला करंटचा आकडा शोधायचा, तेवढा बदलून परत भरायचा. विहिरीवरच्या खोलीत बसले. वर्कशॉपचा प्रोग्राम पडद्यावर उघडाच होता. आमच्या देवाचं, सागरेश्वराचं नाव घेतलं, वायर लावली, बटण दाबलं, आणि हातानं सवयीनं एंटर मारला.

पडद्यावर प्रोग्राम भरला जात असल्याची पट्टी सरकायला लागली तेव्हा चूक कळली. वायर उपटली, पण नवीन भरायच्या आधी जुनं पुसलं जातं. इंद्रजितनं लिहिलेला मूळ प्रोग्राम त्याच्या लॅपटॉपमध्ये होता, आणि तो लॅपटॉप गाडीबरोबरच गेला होता.

दारात काकी आणि आप्पासो उभे होते. मी आमचा प्रोग्राम पुरता भरला, करंटचं माप वाढवलं. मोटर न थांबता चालू राहिली. पाटात पाणी पडलं. फोन वाजला. ‘मोटर चालू. फेज ओके.’ काकी चौथी शिकलेल्या. त्यांनी बोट ठेवून दोनदा वाचलं.

“ह्ये कुनाचं?”

मी सगळं सांगितलं.

आप्पासो म्हणाले, “जुनं निरोप फोनात हायतच की, काकी.”

“भितीवर फोटूबी हाय. त्यो हाक मारतोय व्हय?”

“काकी, त्येच शब्द घालते मी,” मी म्हणाले. “काना-मात्रेचा फरक पडायचा न्हाई.”

“पर धाडनारी तू आसशील गं.” त्या रागावल्या नाहीत, ते मला जास्त लागलं. “निरोप बंदच कर. कायबी येऊ देऊ नगंस.”

मी पुन्हा बटण दाबलं. या खेपेला आधी बोर्डातलं वाचून जपून ठेवलं, आमचंच, कुणाला नको असलेलं. मग निरोपाची ओळ काढून प्रोग्राम भरला. घरी जाताना देवापुढे माफी मागितली. काकींची मात्र मागितली नाही, अजून नाही.

आता लाईट यायच्या सुमाराला काकी चालत विहिरीवर जातात. पाणी पडतंय का ते डोळ्यांनी बघतात आणि जेवायला घरी न परतता तिथंच बांधावर बसून राहतात.