देवीची गोळी

माझ्या नवऱ्याच्या आत्यानं जन्मात कधी कुणाला विचारून काही केलं नाही. माणसांना तर नाहीच, देवालाही नाही. पंचांगातला मुहूर्त सोयीचा नसला की त्या पंचांग छापणाऱ्याची अक्कल काढायच्या, आपला मुहूर्त धरायच्या आणि वर देवघरासमोर उभं राहून देवीला बजावायच्या, "मी ठरवलंय तसं चालवून घे." ऐन तिशीत वैधव्य आल्यावर त्या बोरीला माहेरी आल्या आणि तिथंच राहिल्या. माझे सासरे त्यांचे धाकटे भाऊ. ते गेल्यावर घरात सासूबाईंचं राज्य यायला हवं होतं, पण सासूबाईंच्या कमरेला नुसत्या किल्ल्या आल्या. हुकूम आत्याबाईंचाच राहिला.

त्यांच्या तऱ्हा सांगायला बसलं तर रागानं माझंच डोकं उठतं. चहा पहिल्या खेपेला कधी पसंत पडायचा नाही. तो परत पाठवायच्या, आणि तोच चहा मी नुसता गरम करून नेला की म्हणायच्या, "आता कसा झाला." प्रवासात स्वतःचा तांब्या आणि स्वतःचं फुलपात्र. एसटीत खिडकीची जागा त्यांना हवीच, मग तिथं कुणी का बसलेलं असेना. एकदा खिडकीशी एक पोलीस जमादार बसला होता, त्याला त्यांनी "पोरा, तू रोजच बघतोस बाहेर, सरक" म्हणून उठवलं. तो उठला. त्यांच्यापुढं सगळेच उठायचे, त्यामुळे त्या जास्तच शेफारल्या होत्या.

पण माझा खरा राग वेगळाच. मी अकरावी शिकून त्या घरात आले होते आणि माझी पाळी ही माझी खाजगी बाब आहे, अशी माझी समजूत होती. त्या घरात ती सगळ्यांच्या हिशेबातली बाब होती. लग्नानंतरच्या पहिल्याच महालक्ष्म्यांना, ऐन जेवणाच्या दिवशी, मी बाहेर बसले. आत पुरण शिजायलेलं, भाज्यांचा ढीग पडलेला, आणि मी मागच्या पडवीत घोंगडीवर. सासूबाईंनी त्या दिवशी जो सूर लावला तो पुढच्या महालक्ष्म्यांपर्यंत उतरला नाही. आलेल्यागेलेल्या प्रत्येक बाईला सांगून झालं की आमच्या सुनेनं देवीच्या जेवणाला दगा दिला. जणू मी तारीख ठरवूनच आले होते.

पुढं पाठोपाठ दोन मुली झाल्या. धाकटीच्या वेळी इतकं रक्त गेलं की परभणीच्या सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत मी राहते का जाते, अशी गत झाली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना समोर बसवून सांगितलं की हिच्या अंगात रक्त नाही, निदान चार वर्षं तिसरं नको, लगेच राहिलं तर ही वाचेल याची मी खात्री देत नाही. सासूबाईंनी मान हलवली आणि घरी येऊन म्हणाल्या, "डॉक्टरणीचं काय जातंय बोलायला. दोन पोरींवर थांबत्यात का कुठं?" आमच्या ह्यांनी मिठाची गुळणी धरली. चांगला शिकलेला माणूस, पण आई समोर असली की वाचा बसायची. धाकटीचं दूध सुटलं तसा सासूबाईंनी नातवाचा जप सुरू केला आणि मला रात्रीची झोप लागेना. दोन मुलींना टाकून जायची भीती काय असते ते मी इथं लिहीत नाही.

त्याच सुमारास आत्याबाईंनी एक दिवस जाहीर केलं, "वैनी, ह्या वर्षी महालक्ष्म्यांत इटाळ नको. पाळी लांबवायच्या गोळ्या मिळत्यात परभणीला. मी हिला घेऊन जायले." सासूबाईंना आनंदच झाला. मला मात्र संताप आला. माझ्या अंगाचा कारभार आता तारखेनिशी चालणार म्हणून मी वाटभर बोलले नाही. आत्याबाईंनी माझा अबोला भरून काढला. भरल्या एसटीत, तिकीट काढता काढता, त्यांनी कंडक्टरला सांगितलं की सुनेच्या पाळीसाठी चाललोय, बिगीनं हाण. मला बाकाखाली शिरावंसं वाटलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई मला विचारत होत्या आणि उत्तरं आत्याबाई देत होत्या. तंबाखू, मिसरी? न्हाई. डोकं दुखतं का? माझं दुखतं, तिचं न्हाई. डॉक्टरीणबाईंनी तरी माझा हात ओढून रक्तदाब पाहिला आणि मलाच समजावलं. म्हणाल्या, तांबी बसवली तर तुझं आणखी रक्त जाईल, त्यापेक्षा या गोळ्या बऱ्या. आपलं शरीर जी द्रव्यं बनवतं तसलीच यात आहेत. रोज एक घेतलीस की दर महिन्याला सुटणारं बीज सुटतच नाही, मग दिवस राहायचा प्रश्न नाही. तीन आठवडे पांढऱ्या गोळ्या, मग आठवडाभर लोहाच्या काळ्या, त्यात पाळी येऊन जाईल आणि तीही कमी. सणावाराला पाळी नको असेल तर काळ्या सोडून लगेच पुढचं पाकीट सुरू कर. एखादी विसरलीस तर आठवल्याबरोबर घे.

आत्याबाईंनी एक गोळी फोडून तोंडात टाकली. डॉक्टरीणबाई बघतच राहिल्या. "सुनेला काय चारायचंय ते मला कळाया नको?" साठीच्या बाईनं पाळणा लांबवायची गोळी चघळली आणि गोड आहे असा निकाल दिला. परत येताना मात्र, पहिल्यांदाच, हळू आवाजात बोलल्या, "अंगाला वाटतंय, पोट हायच. मग ते बीज सोडत न्हाई. असं हाय ते. घरात ही देवीची गोळी, पोटात तुझी गोळी. कळलं का? कळलं नसंल तर गप ऱ्हा." मला कळलं, आणि त्यांच्यावर इतके दिवस रागावलेली मी खिडकीबाहेर बघत रडले. खिडकी अर्थात त्यांच्याच बाजूला होती.

गावातल्या सिस्टरकडून गोळ्या घेतल्या असत्या तर तासाभरात बोरीभर झालं असतं, म्हणून दर खेपेला परभणी. विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद चालले होते त्या दिवसांत एसट्या थांबल्या आणि पाकीट संपत आलं, तेव्हा ही बाई कापसाच्या ट्रकमधून जाऊन आली आणि येताना ड्रायव्हरची बिडी सोडवून आली. पाकीट देवघरात अंगाऱ्याच्या डबीशेजारी असायचं. दिवेलागणीला मला हाक मारायच्या, हातावर तीर्थ आणि गोळी ठेवायच्या. महालक्ष्म्या झाल्या तसं नवरात्र आलं, मग दिवाळी, मग चंपाषष्ठी, संक्रांत, चैत्रगौर. लग्नसराईत कुळाचार. आषाढात काही सापडेना तर देवी स्वप्नात आली. आणि सगळ्यांत कहर म्हणजे, नातवासाठी आसुसलेल्या माझ्या सासूबाईच मला विसरू द्यायच्या नाहीत. "अगं, देवीची गोळी घेतलीस का?" मी घेतली म्हणायचे. हसू दाबायला पदर लागायचा आणि मागोमाग राग यायचा, की माझाच जीव मला असा चोरून जगवावा लागतोय.

आता माझी धाकटी पुण्यात असते. ती तसलंच औषध वेगळ्या तऱ्हेनं घेते. एक मऊ, वाकणारं कडं असतं, बांगडीहून बरंच लहान. आपलं आपण योनीत बसवायचं, तीन आठवडे तिथंच ठेवायचं. त्यातून औषध थोडं थोडं अंगात उतरत राहतं आणि बीज सुटत नाही. मग काढायचं, आठवडाभर सुट्टी, त्यात पाळी येते, की पुन्हा नवं. रोजची आठवण नको. तिनं हे फोनवर सांगितलं तेव्हा मी आधी इकडंतिकडं पाहिलं. आत्याबाईंना ते कडं मुळीच आवडलं नसतं, कारण त्यात त्यांना हुकूम करायला जागाच नाही.

देवीच्या गोळीचं आमचं सोंग वर्षाच्या वर चाललं. मग एके दुपारी सिस्टर घरोघर फिरत आमच्याकडं आल्या, सासूबाईंपुढं पिशवी उघडली आणि पाकीट दाखवून म्हणाल्या, सुनेला ह्या द्या, दोन लेकरांत अंतर पडतं. सासूबाईंनी पाकीट उलटसुलट पाहिलं. "ह्या तर आमच्या देवीच्या गोळ्या." सिस्टर म्हणाल्या, "देवीच्या नाहीत मावशी, सरकारच्या आहेत."

सिस्टर गेल्या. आत्याबाई ओसरीवर वाती वळत होत्या. सासूबाई त्यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. "वन्सं, देवीच्या नावानं तुमी माझा नातू अडवला."

"व्हय, अडवला. सून मेल्यावर नातू कुठून आणतीस, बाजारातून?" आत्याबाईंचा हात वाती वळायचा थांबला नाही. "माझी लेक चौथ्या बाळंतपणात गेली. तिची सासू म्हणली, देवीची मर्जी. तू बी हितंच बसून तेच म्हणलीस. तवापासून मी देवीशी भांडायले. मर्जी तिची, तर गोळी बी तिचीच."

आत्याबाईंना एक लेक होती एवढंच मला ठाऊक होतं. ती कशानं गेली हे त्या घरात कुणी कधी बोललं नव्हतं. आमचे हे दारात उभे होते. मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. आता तरी बोलतील. ते म्हणाले, "चहा टाकता का कुणी?" या गोष्टीला इतकी वर्षं झाली, पण ह्यांना तेवढ्यासाठी मी अजून माफ केलेलं नाही.

सासूबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. सकाळी सिस्टर शेजारच्या घरी आल्या तशी त्यांना दारातून हाक मारून म्हणाल्या, "ती पाकिटं दोनचार हितं ठेवून जा. वन्सं ह्या वयात परभणीला हेलपाटे घालायल्यात." एवढंच बोलल्या आणि पुन्हा तो विषय काढला नाही. आत्याबाई मात्र आपला कारभार काढून घेतला म्हणून आठ दिवस फुगून बसल्या.

तिसरं मूल मी होऊ दिलं नाही. अंगात रक्त भरल्यावर दोन मुलींवरच ऑपरेशन करून घेतलं. आत्याबाई तेव्हा पार थकल्या होत्या, तरी तांब्या घेऊन दवाखान्यात आल्या आणि डॉक्टरीणबाईंना दोन गोष्टी सुनावून माझ्या खाटेशी बसल्या. परत येताना जीपमध्ये मला त्यांनी मांडीवर निजवलं. मला वाटलं त्यांचा डोळा लागला असेल.

मग म्हणाल्या, "लेकीला आणायला गाडी घेऊन निघालते मी. माहेरपणाला. लय उशीर झाला गं."

माझ्या कपाळावरचा त्यांचा हात बोरी येईपर्यंत तसाच होता. मी झोपले नव्हते, पण डोळे मिटून पडून राहिले.