चढावरची शववाहिका

नगरपालिकेची शववाहिका तो कित्येक वर्षं चालवत होता. ऑफिसात त्याला सगळे 'सावकाश' म्हणत. मागून कुणी कितीही हॉर्न वाजवला, तरी हा ढिम्म. गाडीमागून चालणाऱ्यांना धाप लागता कामा नये, एवढंच त्याचं म्हणणं. स्मशान टेकडीवर होतं. जुनी डिझेल गाडी तो चढ पहिल्या गिअरमध्ये संथपणे चढायची.

ती भंगारात निघाली आणि पेट्रोलवरची नवी गाडी आली. पहिल्याच दिवशी तिनं चढावर दोनदा मान टाकली. घरी येऊन तो कुरकुरला.

"नवी जास्त ताकदीची आहे म्हणालात ना?" बायकोनं भाजी निवडता निवडता विचारलं.

"हॉर्सपॉवर जास्त आहे गं. पण चाक फिरवायला जो जोर लागतो, तो टॉर्क. तो जोर किती झपाझप लावता येतो, ती हॉर्सपॉवर. जुनीचं इंजिन हळू फिरतानाच जोर द्यायचं. हिचं किंचाळल्याशिवाय देत नाही. मोकळ्या रस्त्यावर पळेल झकास, पण माणसांच्या पावलानं चढायचं तर हिचा काय उपयोग?"

"म्हणजे तुम्ही जुनी गाडी," ती हसली. "पळणार नाही, पण ओढणार."

त्याच हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

"दुसरा ड्रायव्हर देतो," साहेब म्हणाले.

"नको साहेब. तो गचके देईल."

मुलगी त्याच्या शेजारी बसली. मेहुणा आणि बाकीचे मागून चालत होते. चढ लागला. क्लच अर्धवट दाबून धरावा लागत होता. जळका वास सुटला. इंजिन किंचाळायला लागलं, तसा त्यानं ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. गाडी बंद पडली आणि मागं सरकली. माणसं ओरडत बाजूला झाली. त्यानं हँडब्रेक ओढला.

"बाबा, जोरात दाबा ना!"

"तुझ्या आईला आवाज सहन होत नाही गं."

पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच. शेवटी तो खाली उतरला आणि किल्ली मेहुण्याच्या हातात दिली. मेहुण्यानं पाय दाबला. गाडी कर्कश ओरडत वळणाआड गेली. तो मागून चालत राहिला. वर पोचला, तेव्हा गाडीचं मागचं दार उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. स्मशानातल्या माणसांनी तिला आधीच चितेकडे नेलं होतं.

पुढं त्यानं पाण्याच्या टँकरवर बदली मागून घेतली. मुलगी आली की म्हणते, "चला बाबा, माझ्या गाडीनं फिरून येऊ." तो मागच्या सीटवर बसतो आणि इंजिनाचा आवाज आत येऊ नये म्हणून काच वर करून घेतो.