बाबांच्या टाचा

“भावाला फोन करा,” असं मी म्हटलं आणि हेमंतनं मान दुसरीकडे वळवली.

आमच्या शहराच्या गोरखपूर भागातल्या माझ्या क्लिनिकमध्ये तो समोर बसला होता. हार्ट अटॅक येऊन गेलेला, स्टेंट बसवून नुकताच हॉस्पिटलमधून सुटलेला. वय चाळिशीच्या आत. शाळेत गणित शिकवतो. सिगरेट नाही, दारू नाही, अंगानं काटकुळा, रोज सकाळी नदीवरच्या ग्वारीघाटापर्यंत चालत जाणारा. अशा माणसाला अटॅक काहून यावा, हे त्याची बायको शुभांगी मला पुन्हा पुन्हा विचारत होती.

रिपोर्टमध्ये वाईट कोलेस्टेरॉल कुठल्या कुठे वर गेलं होतं. पण मला जास्त सांगितलं ते त्याच्या पायांनी. मी त्याला चपला काढायला लावल्या. टाचेच्या मागची शीर, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारा तो दोर, बोटभर जाड आणि गाठाळ झाला होता. वर्षानुवर्षं कोलेस्टेरॉल तिथं साचत गेलं की असं होतं. डोळ्यांच्या बुबुळांभोवतीही पांढरट कडं होतं. म्हाताऱ्या माणसात दिसलं तर मी लक्ष देत नाही, तरुणात दिसलं की खुर्ची पुढे ओढते.

या आजाराचं नाव लांबलचक आहे, आम्ही नुसतं एफ.एच. म्हणतो. आपलं लिव्हर रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल पकडून साफ करतं. पकडायला त्याच्या पेशींवर जणू हुक असतात. हे हुक बनवणारा एक जीन बिघडलेला असेल तर हुक कमी पडतात आणि कोलेस्टेरॉल लहानपणापासून रक्तात फिरत राहतं. बिघडलेला जीन आईकडून किंवा वडिलांकडून येतो. प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो की मुलगी, थोरला असो की धाकटा, दर वेळी नव्यानं नाणं उडवल्यासारखं. म्हणून एक पेशंट सापडला की त्याच्या सगळ्या भावंडांना आणि मुलांना तपासायचं असतं. गोळ्या साध्या आहेत, मिळतातही सगळीकडे. वेळेवर सुरू झाल्या तर माणूस बाकीच्यांसारखा म्हातारा होतो.

शुभांगीनं मला बाजूला घेऊन सांगितलं की पाटणच्या, म्हणजे त्यांच्या गावच्या, जमिनीवरून दोन्ही भावांची कोर्टात केस सुरू आहे आणि बोलणं पार बंद आहे. वडील गेले तेव्हा हेमंत लहान होता. ते कशानं गेले हे त्याला नीट माहीत नव्हतं. घरात म्हणत, टेन्शननं गेले.

थोरल्याला, म्हणजे सुधाकरला, मीच फोन लावला. पाटणला त्याचं बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. मी आजार समजावून सांगितला. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“मॅडम, मी रक्त देणार नाही.”

“काहून?”

“तुम्ही कोलेस्टेरॉल म्हणून राहिल्या, पण अंदर डीएनए होईल. मी बाबांचा मुलगाच नाही, हे हेमंतला कोर्टात दाखवायचं आहे. वकील साहेबांनी साफ सांगितलंय, कुठंच सॅम्पल द्यायचं नाही.”

त्यानं नमस्कार म्हणून फोन ठेवला. वीस-बावीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मला रक्त न देण्याची पुष्कळ कारणं ऐकायला मिळाली होती, हे नवीन होतं. हेमंतला विचारलं तेव्हा तो म्हणाला की मागे वाटणीवरून जोरात भांडण झालं, तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं होतं की तुझा चेहरा बाबांशी कुठंच जुळत नाही, तू या घरचा वाटतच नाहीस. सुधाकर सावळा, आईच्या वळणावर गेलेला. रागात बोललेलं वाक्य होतं, पण सुधाकरनं ते जपून ठेवलं होतं.

दोघांच्या मधली एक बहीण होती, वंदना. बरगीकडच्या एका गावात सासर, तिथल्याच शाळेत शिक्षिका. दोन्ही भाऊ तिच्याशी बोलत, कारण दोघांनाही तिची सही हवी होती. तिनं आपला हक्क सोडावा आणि तोही आपल्या बाजूनं, असा दोघांचा आग्रह. तिनं अजून कुणालाच हो म्हटलं नव्हतं.

माझा निरोप मिळाल्याबरोबर ती आली. हेमंतला जे माहीत नव्हतं ते तिला सगळं माहीत होतं. बाबा शेतावर छाती धरून बसले आणि तिथंच गेले. त्यांच्या पापण्यांवर पिवळे ठिपके होते. आत्याही अशीच अचानक गेली होती. मी ऐकत गेले आणि कागदावर घराण्याची वंशावळ काढत गेले.

तिचं कोलेस्टेरॉल एकदम नॉर्मल आलं. मी सांगितलं तेव्हा ती हसली.

“म्हणजे बाबांकडून मला हेही नाही मिळालं.”

“हे न मिळालेलंच बरं.”

“पण मिळू शकलं असतं न? दोघांइतकंच?”

“अगदी तेवढंच. जीन मुलगी बघून थांबत नाही.”

“अच्छा,” म्हणाली आणि रिपोर्ट पर्समध्ये ठेवला.

सुधाकरला आणायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं. त्याला म्हणाली, मला डॉक्टरकडे दाखवायचं आहे, सोबत चल. पुढच्या आठवड्यात तो तिच्याबरोबर आला. मी कोण हे कळल्यावर तो उठायला लागला. वंदनानं त्याच्या मनगटावर हात ठेवला, तेव्हा बसला.

मी म्हटलं, “सुई लावणार नाही. फक्त पाय दाखवा.”

पायांना कोर्टाची हरकत नसावी. त्यानं चपला काढल्या. टाचेमागची शीर हेमंतपेक्षाही जाड होती. मी बोटानं दाबून त्याला दाखवली. तो म्हणाला, हे तर दुकानात उभं राहून राहून झालंय, बंद बूट मला कधी चालतच नाहीत.

“घरात आणखी कुणाचं असं होतं?”

तो खाली आपल्या पायाकडे बघत राहिला.

“बाबांचं. त्यांना बूट चावायचे. मागची बाजू दुमडून चपलेसारखे घालायचे. मी विसरलोच होतो.”

“हेमंतचंही असंच आहे,” मी सांगितलं. “हे तुम्हा दोघांना बाबांकडूनच आलंय.”

सुधाकरचे डोळे भरले होते आणि ते लपवायला तो वाकून चपलेचा पट्टा लावत बसला. मग उठून त्यानं शर्टाची बाही वर केली आणि मला म्हणाला, “घ्या रक्त.”

कोलेस्टेरॉल अपेक्षेप्रमाणे आलं. गोण्या उचलताना धाप लागते, हे त्यानं तेव्हा पहिल्यांदा कबूल केलं. ट्रेडमिल टेस्ट बिघडलेली होती. अँजिओग्राफीत हृदयाची मुख्य नळी बरीच बंद दिसली. अटॅक यायच्या आधीच स्टेंट बसला. हॉस्पिटलमध्ये सोबतीला हेमंत होता. त्या दिवसांत दोघं काय बोलले ते मला माहीत नाही. शुभांगी एवढंच म्हणाली की हेमंतनं माफी मागितली आणि दादा म्हणाला, चलो, चहा आण.

सुधाकरच्या मुलीत तो जीन निघाला. शाळेत आहे, टेबलटेनिस खेळते, रोज एक गोळी घेते, ठणठणीत आहे. हेमंतचा मुलगा सुटला.

केस मागे घ्यायचं ठरलं तेव्हा वकील नाराज झाले म्हणे. वाटणीच्या दिवशी वंदनानं भावांना सांगितलं की हक्क सोडायची सही ती करणार नाही. आजाराच्या वेळी आपण तिघं बरोबरीचे होतो, मग जमिनीतही तिघं बरोबरीचेच राहू. सुधाकरनं थोडी कुरकुर केली, असं तिनंच मला सांगितलं. आता तिच्या तुकड्यात वाटाणा लावला आहे. हिवाळ्यात एक पिशवी माझ्या घरी येऊन पोचली. दाणे गोड होते.

तेव्हापासून मी पेशंटची फॅमिली हिस्टरी लिहिताना बहिणीचा नंबर आधी मागते. भावांना जमिनीचे खसरा नंबर तोंडपाठ असतात. बाप कशानं गेला, ते बहिणीला माहीत असतं.