सातव्या पुस्तकातला हात

रणकेतूला जन्मात कधी पडसं झालं नाही. बर्फात उघडाबंब हिंडला, दलदलीत झोपला, चेटकिणीने पुढे केलेला पेला वाससुद्धा न घेता घटाघटा प्यायला, पण पठ्ठ्या एकदा शिंकेल तर शपथ. दर महिन्याला त्याचं एक नवं पुस्तक निघायचं. तळहातात मावेल एवढं, पिवळट कागदाचं, प्रवासात वाचून बाकावर विसरून जायचं. आणि प्रत्येकाच्या कव्हरवर रणकेतू उघड्या छातीने, उजव्या हातातली तलवार आभाळात उगारून उभा. ही कव्हरं ज्याच्या हातची, त्याला सगळी गल्ली पेंटर म्हणायची. या पेंटरला मात्र बारा महिने तेरा काळ पडसं. रंगांच्या वासाने होतं, असं तो म्हणे. खिडकी लावून घ्या म्हटलं की अंगावर येतात म्हणून होतं, असं बायको म्हणे.

खिडकी लावणं त्याला परवडणारं नव्हतं हेही खरं. दोन खोल्यांचं घर. मागच्या खोलीत संसार, पुढच्या खोलीत चित्रं, आणि उजेड काय तो त्या एका खिडकीतून. त्या उजेडात एक लाकडी खोकं पालथं घातलेलं असायचं, आणि त्या खोक्यावर उभा राहायचा पेंटरचा धाकटा भाऊ.

धाकटा कापडाच्या गोदामात गाठी उचलायचा. आई लवकर गेली, तेव्हापासून त्याला थोरल्यानेच वाढवलेलं. अंगाने असा की तो दारात आला की खोलीत अंधार व्हायचा. रणकेतूचं पहिलं पुस्तक हातात आलं तेव्हा वीर काढायचा कसा हे पेंटरला सुचेना. ज्याने तो वीर लिहिला होता तो स्वतः विमा कचेरीतला कारकून, वाळकी काडी नुसती; त्याचा काय उपयोग? तेवढ्यात धाकटा अंघोळ करून पाठ पुसत बाहेर आला. "थांब," पेंटर म्हणाला, "हलू नकोस." धाकटा थांबला तो थांबलाच. पुढे कित्येक वर्षं महिन्यातला एक रविवार तो त्या खोक्यावर, चंदेरी कागद चिकटवलेली लाकडी तलवार उगारून उभा राहिला.

राक्षसाचे दात लसणीच्या पाकळ्यांवरून निघायचे. रणकेतूच्या पायाला मिठी मारून बसलेली राजकन्या म्हणजे पेंटरची बायको. ती टेबलाच्या पायाला मिठी मारून बसायची. एकदा ती गुडघे चोळत उठली. "तुमच्या ह्या बायांना देवाने पाय दिलेत की नाही? एकीला तरी उभी करा!" म्हणाली आणि आत गेली, ती पुन्हा बसली नाही. त्यानंतर राजकन्या मनाने काढाव्या लागल्या. त्या बसलेल्याच राहिल्या.

शिकलीसवरलेली माणसं असल्या पुस्तकांना नाकं मुरडतात. मुरडोत बापडी. ज्याला दिवसभर कुणीही यावं नि टपली मारून जावं, त्याला विचारा रणकेतूत काय होतं ते. त्याच्या जगात अन्यायाला मान होती आणि ती एका घावात उडवता येत होती. आपल्याकडे अन्याय कुठल्या खिडकीशी बसतो हेच कळत नाही, आणि कळलं तर खिडकी जेवणाच्या सुट्टीसाठी बंद असते. रणकेतूला घरभाडं नव्हतं, साहेब नव्हता, मेहुणे नव्हते. वेशीतून एकटा आत यायचा, मांत्रिकाचा मनोरा पाडायचा आणि चालू पडायचा. धाकट्याला गोदामाचा मुकादम चारचौघांत घालूनपाडून बोलायचा, आणि हा एवढा थोरला गडी मूग गिळून गाठी उचलायचा. पण नवं पुस्तक टपरीवर लागलं की चहावाला लांबूनच ओरडायचा, "आले, रणकेतू आले! जागा द्या!" त्या एका हाकेवर धाकट्याचा महिना निघायचा.

पुस्तक तो वहिनीला वाचून दाखवायचा. ती भाजी निवडत ऐकायची.

"जेवला का तो?" ती मध्येच विचारायची.

"वहिनी, ह्यात कुणी जेवत नाही. मेजवान्या असतात."

"आणि मागच्या वेळी मांडीत भाला घुसला होता, त्याचं काय झालं?"

धाकटा पानं मागेपुढे करायचा. मांडी कोरी करकरीत. "बरी झाली असेल."

"केली कुणी बरी? घरी आहे का कुणी त्याच्या?"

घरी कुणी नव्हतं. तीच तर त्याची ऐट होती. रणकेतूच्या एकाही पुस्तकात वैद्य नव्हता, आणि 'मला दुखतंय' हे वाक्य त्या सगळ्या पानांत शोधूनही सापडलं नसतं.

प्रकाशकाचा कव्हरबद्दल एकच नियम होता: जखम नको, घाम चालेल. एकदा पेंटरने तलवार जमिनीला टेकवून उभा असलेला, दमलेला रणकेतू काढला. धाकटा त्या दिवशी खरोखरच दमला होता आणि चित्रही नामी उतरलं होतं. पण पुस्तकांचे गठ्ठे दुकानांतून तसेच परत आले. "दमलेला माणूस बघायचा तर आमचा वाचक आरशात बघेल," प्रकाशक म्हणाला, "त्यासाठी पैसे कशाला टाकील? मला सातव्या पुस्तकातला हात पाहिजे. तोच. दर महिन्याला."

सातव्या पुस्तकातला हात साधलाच होता तसा. पेंटरने घरी येऊन त्या कव्हरवर ट्रेसिंग पेपर ठेवला, खांद्यापासून मुठीपर्यंत रेघ न रेघ उतरवून घेतली आणि तो खाका रंगांच्या पेटीच्या तळाशी ठेवला. पुढचं प्रत्येक कव्हर त्या खाक्यावरून झालं. चेहरा तर तोंडपाठच होता. म्हणजे धाकट्याने उभं राहायची आता काही गरज उरली नव्हती.

हे त्याला सांगायला हवं होतं. पेंटर दोनदा सांगायला गेलाही. पण रविवार उजाडला की धाकटा दाढी करून, केस विंचरून, न बोलावता खोक्यावर हजर. त्या उत्साहावर पाणी कोण ओतणार? शिवाय पेंटरलाही तो समोर असलेला बरा वाटायचा. गप्पा व्हायच्या, हात चालायचा. बायकोलाही तो काही बोलला नाही, कारण तिने दिराला लगेच सांगून टाकलं असतं. आणि आपण कामाचे आहोत असं धाकट्याला वाटावं म्हणून पेंटर मधूनमधून, बोर्डावरची मान न उचलता, उगाच म्हणायचा, "अजून थोडा वर घे." धाकटा हात अजून थोडा वर घ्यायचा.

माया होती ती, दुसरं काही नाही. पण मायेने केलेल्या खोटेपणाला आपण खोटेपणा म्हणत नाही, आणि तिथेच तो नडतो.

पहिल्यांदा लक्षात आलं ते वहिनीच्या. धाकटा चहाचा कप डाव्या हाताने उचलू लागला होता. शर्टाची बटणं लावायला त्याला वेळ लागत होता. एका रविवारी ती चहा घेऊन पुढच्या खोलीत आली आणि कप हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"भाऊजी, तुमचा उजवा खांदा उतरलाय का हो? हात बारीक दिसतोय. एकदा डॉक्टरांना दाखवा."

"हात दाखवून अवलक्षण कशाला, वहिनी?" धाकटा खोक्यावरून हसला. "रणकेतू कधी डॉक्टरकडे गेलाय?" मग जरा थांबून, आवाज उतरवून म्हणाला, "मलाही मध्ये तसं वाटलं होतं. पण ते बघा ना समोर. दादाच्या नजरेतून केस सुटत नाही. बारीक झाला असता तर त्याला दिसलं नसतं?"

समोर बोर्डावर ओलं चित्र होतं. त्यातला हात चांगला धष्टपुष्ट होता. सातव्या पुस्तकातला होता.

पेंटर तेव्हा अजगराच्या खवल्यांत गुंतला होता. 'दादाच्या नजरेतून केस सुटत नाही' एवढंच त्याने ऐकलं, आणि ते गोड लागलं. "गोदामात काम जास्त पडतंय त्याला," तो म्हणाला, "चार दिवस विश्रांती घेतली की होईल ठीक." मान वर करायची होती फक्त. तेवढी त्याने केली नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तसला हा माणूस. आयुष्यभर पोट भरलं ते बघण्याच्या धंद्यावर, आणि घरातलंच माणूस बघायचं राहून गेलं.

वर्ष असंच सरलं. मग एका रविवारी त्याने सवयीने "अजून थोडा वर" म्हटलं आणि तलवार धाकट्याच्या मुठीतून सुटून कुंचले धुवायच्या डब्यावर पडली. निळं पाणी बोर्डभर झालं. पेंटर चिडून वळला. उघड्या खांद्यावर जिथे मांसाचा गोळा असायचा तिथे खळगा होता. दंड पेंटरच्या स्वतःच्या दंडाएवढा झाला होता, आणि पेंटरने तर जन्मात कुंचल्याहून जड काही उचललेलं नाही. धाकटा डाव्या हाताने उजवा हात सावरत उभा होता.

"घसरली," तो म्हणाला. "घाम आलाय हाताला."

डॉक्टरीण शांत बाई होती. मानेच्या बुडाशी गाठ आहे, ती हातात जाणाऱ्या नसा चेपते आहे, असं तिने कागदावर काढून दाखवलं. गाठ साधी निघाली, कापून काढता आली, जिवाला धोका राहिला नाही. पण फार दिवस चेपलेली नस पुन्हा जागी होत नाही. "वर्षभर आधी आला असतात तर हात वाचला असता," ती म्हणाली, आणि मग पेंटरकडे वळून, "एवढा हात वाळला, घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?" वहिनी खिडकीबाहेर बघत होती. पलंगावरून धाकटाच दादाची बाजू घेत म्हणाला, "चित्रात तर बरा दिसत होता हो."

गोदामाने त्याला फाटकाशी बसवलं. येणाऱ्या गाड्यांना तो डाव्या हाताने आत सोडतो. मुकादम आता त्याला घालूनपाडून बोलत नाही, आणि तेच त्याला जास्त लागतं. चहावाल्याने एकदा सवयीने "आले, रणकेतू" म्हटलं, मग चूक कळून एकदम चुलीकडे वळला. पेंटरने रणकेतू सोडला. तो आता दुकानांच्या पाट्या रंगवतो. "तुम्ही नाही तर दुसरा कुणी," प्रकाशक म्हणाला होता, "खाका तेवढा देऊन टाका." पेंटरला तो घरात नकोच होता. त्याने पेटीच्या तळातून काढून दिला आणि सुटलो असं समजला.

पण एका दुपारी धाकटा गोदामातून आला तो बगलेत नवं पुस्तक घेऊन. ते त्याने टेबलावर ठेवलं आणि खोक्यावर बसला.

"दादा, हे कव्हर तुझं नाही. खाली सही दुसऱ्याची आहे."

"हो. मी सोडलं ते काम."

"ते माहीत आहे मला. पण हात माझा आहे." धाकट्याने बोट ठेवलं. "मनगटाजवळची ही शीर बघ. माझी आहे. मी तर कुणापुढे उभा राहिलो नाही, आणि आता राहिलो तरी..." ते त्याने तसंच सोडलं. "मग ह्याला हा हात मिळाला कुठून?"

जुन्या पुस्तकावरून उतरवला असेल, असं म्हणता आलं असतं. पेंटरच्या अगदी ओठांवर आलंही होतं. पण आतल्या दारात बायको येऊन उभी राहिली होती, आणि या घरात आता आणखी एक मायेचं खोटं बोलायची त्याची छाती झाली नाही.

"खाका आहे त्याचा," तो म्हणाला. "सातव्या पुस्तकावरून मीच घेतलेला. नंतरची सगळी कव्हरं त्यावरूनच केली."

"सगळी?"

"सगळी."

"मग मी इथे उभा असायचो ते?"

"तुला आवडायचं. म्हणून नाही बोललो."

धाकटा चिडला असता तर पेंटर सुटला असता. धाकट्याच्या जागी रणकेतू असता तर टेबलाचे दोन तुकडे झाले असते आणि गोष्ट तिथे संपली असती. धाकट्याने लुळा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला, जसं दुसऱ्याचं काही ठेवावं तसं.

"फार दुखायचं रे," तो म्हणाला. "शेवटी शेवटी तर डोळ्यांपुढे अंधारी यायची. मी म्हणायचो, दात खाऊन उभं राहावं, दादाचं चित्र बिघडायला नको." मग त्याने वर पाहिलं. आवाजात राग नव्हता, त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. "मग तू 'अजून थोडा वर घे' कशाला म्हणायचास?"

पेंटर त्याच्या खांद्याकडे बघत राहिला.