दोन दिवस गप

सासवडकडच्या एका वावराच्या धुऱ्यावर, बांधावर बसून मी आन कमल, माही बायको, आमी वाटाण्याच्या शेंगा खाल्ल्या, ते आमचं शेवटचं संगं बसणं. ती सोले, मी खाये. शेंगा तोडणाऱ्या बाईनं तिच्या पदरात पसाभर शेंगा टाकल्या आन इचारलं, "तुमच्याकडं काय पिकतं?" कमलनं आधी माह्याकडं पाह्यलं. "इथं बोलू काय?" मी मान हलवली. मंग मारेगावचा कापूस, वेचणी, बोटं ओरबाडणारी बोंडं, सारं सांगतलं तिनं. पऱ्हाटी म्हणजे काय ते त्या बाईले समजेना, तर मातीत बोटानं कापसाचं झाड काढून दाखवलं. दोघी हासल्या. मले मात्र ते 'इथं बोलू काय' टोचून राह्यलं होतं...

आमी पुण्याले गेलतो ते सुमीसाठी. आमची एकुलती एक पोरगी, विद्यापीठात पीएचडी करे. तिची शेवटची तोंडी परीक्षा होती, साऱ्या लोकायसमोर. रेल्वेतच मी कमलले दम देला. "तिथं शिकेल लोक राह्यते. तुह्या 'मले-तुले'ले हासतीन. पोरीचं नाक कापलं जाईन. तोंड उघडू नको."

"आन तुमचं तोंड?"

"मी चौथी पास हावो."

"मंग तुमी चारच शब्द बोला," ती म्हणे. मी हासलो नाही.

सुमी पास झाली. चहाच्या वक्ती तिचे सर आले, कमलपुढं वाकून म्हणाले, "आई, कसं वाटतंय?" मी डोळे वटारले. तिनं नुसते हात जोडले. सरांनी पुन्हा मोठ्यानं इचारलं. तरी हातच. मंग त्यांनी मले हळूच इचारलं, "आईंना बोलता येत नाही का?" मी म्हटलं, "नाही." ... कमल बाजूलेच उभी होती.

दुसऱ्या दिवशी सुमीनं गाडी करून आमाले सासवडकडं नेलं, तवाच्याच त्या शेंगा. संध्याकाळी सुमीच्या खोलीवर आलो तं कमल डावा हात दाबत बसली. "माय, कधीपासून दुखते?" सुमीनं इचारलं. "काल सकायपासून." मी वरडलो, "मंग बोलली काहून नाही?" ती रागावली नाही. "तुमीच म्हटलं ना, तोंड उघडू नको." दवाखान्याच्या दारात गाडी लागली तवा ती गेली होती. डाक्तर म्हणाले, काल आणलं असतं तर...

आता हे लिहिलं, तं सुमी शुद्ध करून द्यायले तयार होती. मी म्हटलं, राहू दे. तुह्या मायची बोली हाये.

दुसऱ्या सकाळी तिले मारेगावले न्यायची गाडी खाली उभी होती. खोलीत सुमीच्या विद्यापीठातले आठ-दहा जण. सर माह्याजवळ बसले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका, स्वतःला दोष देऊ नका. बोलता येत नसलं की दुखणं कुणाला कळत नाही."

मी उठून उभा राह्यलो. "सर, तिले बोलता येत होतं. मी खोटं सांगतलं. तुमी हासान म्हून मीच तिचं तोंड बंद केलतं."

सुमीनं माह्याकडं पाह्यलं आन तोंड फिरवलं. सर म्हणाले, "कशा बोलायच्या त्या?"

दवाखान्यातून तिचं लुगडं आलं होतं. पदराले उरलेल्या शेंगाची गाठ तशीच. मी ती सोडली, एक शेंग सरांच्या हातात देली, आन पऱ्हाटी म्हणजे काय तिथून सांगाले लागलो.