लाल दोऱ्याचे पाच टाके

आधीच सांगते, असले अनुभव सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसणारी बाई आहे. कोल्हापूरला आमच्या घरी देवाला दिवा लागायचा, पण कुणाच्या अंगात आलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावायचे. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण झालं ते झालं.

नवरा, अमित, एअर फोर्समध्ये. सध्या पोस्टिंग चंदीगडला. दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवायचं म्हटल्यावर माझी नोकरी कसली टिकतेय! म्हणून गेल्या थंडीत फ्रीलान्स कॉपीरायटिंग करायचं ठरवलं — दुकानं, कारखाने यांच्या जाहिरातींचा मजकूर लिहून द्यायचा. पण क्लायंट आधी विचारतो, पूर्वीचं काम दाखवा. ते कुठून आणू? मग सगळे नवशिके करतात तेच केलं. क्लायंट मनानेच रचले आणि त्यांच्यासाठी नमुने लिहिले.

त्यातली एक रजाया शिवणारी बाई. हिंदीत लिहिलं की ती प्रत्येक रजाईच्या कोपऱ्यात, अस्तराच्या आतून, कुणाला दिसणार नाहीत असे लाल दोऱ्याचे पाच टाके घालते आणि घालताना मनात म्हणते, 'गारठू नकोस.' पाचच का? कुणास ठाऊक, सुचलं ते लिहिलं. खाली प्रामाणिकपणे टाकलं — 'काल्पनिक ग्राहक'. मग इंडस्ट्रियल एरियातल्या दोन-तीन रजाईवाल्यांना व्हॉट्सअ‍ॅप केलं.

चार दिवसांनी त्यातल्याच एका वयस्कर सरदारजींचा फोन आला. जास्त काही न बोलता म्हणाले, दुपारी वर्कशॉपवर या. पहिला क्लायंट म्हणून मी चांगली कडक इस्त्रीची साडी नेसून गेले.

त्यांनी टेबलावर एक जुनी रजाई पसरली. एक कोपरा उसवलेला होता, आत लाल दोरा. मी टाके मोजले. पाच होते.

ही रजाई त्यांच्या बायकोने शिवलेली, ती गेली त्याच थंडीतली. वर्कशॉपमध्ये नवी मशिनं आणली तेव्हा यांनी तिची हातशिलाई बंद करायला लावली होती. तिने अबोला धरला, आणि अबोल्यातच ती गेली. रजाई तेवढी गुपचूप शिवून यांच्या पलंगावर ठेवली होती. आतल्या टाक्यांचं त्यांना काहीच माहीत नव्हतं. माझा नमुना वाचला आणि राहवेना म्हणून कोपरा उसवला, म्हणाले.

"सच बताओ बेटा," ते म्हणाले, "वो नाराज तो नहीं थी ना?"

वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. माणसाला हवं ते वाक्य द्यायचं, हेच तर मी शिकत होते. पण तोंडातून निघेना. मी म्हटलं, मला माहीत नाही जी, मी ते सगळं मनाने रचलं होतं. इतकं वाईट वाटलं सांगताना... डोळेच भरून आले.

ते बराच वेळ रजाईवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "लिखा तुमने. सिला तो उसी ने है."

काम त्यांनी मलाच दिलं. फक्त ही गोष्ट जाहिरातीत नको, ती घरची आहे, म्हणाले. इथे लिहितेय तीही त्यांना विचारूनच, नाव न देता.

अमित म्हणतो, योगायोग. लाल दोरा काय, कुणीही वापरेल. खरंय. मलाही तेच पटवून घ्यायचंय. पण पाच? आणि तेही आतून?

तो नमुना आता मी कुणाला पाठवत नाही. कधीतरी फाइल उघडते आणि खालचं 'काल्पनिक ग्राहक' पुसायला जाते. पण त्या जागी काय लिहायचं, ते अजून कळलेलं नाही.