माझ्या तोंडचं इंग्रजी

“तुझा ॲक्सेंट आमच्या म्हाताऱ्यांना कळत नाही, लव्ह. आजचं वाचन सूझन करेल. रविवारच्या मिस्सातलं बायबलचं वाचनही तीच करेल. तू किचन सांभाळ.”

चर्चचे कार्यक्रम बघणारी मॉरीन हे हॉलमध्ये सगळ्यांसमोर बोलली. हसत. माझ्या हातातला कागद काढून घेतला आणि ट्रे दिला.

मी वसईची. आता सिडनीत, वेस्टमीडला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर डॉक्टरांना फोनवर रिपोर्ट सांगते. इंग्रजीतच. तरी मी ट्रे घेतला. किचनमध्ये सँडविच कापत उभी राहिले.

त्या संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये आयरिश लोकांच्या इतिहासाचा कार्यक्रम होता. किचनमध्ये सूझनचा आवाज ऐकू येत होता. बटाट्याचं पीक सडलं. माणसं उपाशी मेली. उरलेली बोटीत बसून निघाली. तिकडे शाळेत पोरं आयरिश बोलली की छड्या. इथे आल्यावर नोकरीच्या जाहिरातीतच लिहिलेलं, आयरिश माणसांनी अर्ज करू नये. त्यांच्या बोलण्याची नक्कल करून लोक हसायचे. मी दारातून पाहिलं. मॉरीन डोळे पुसत होती.

मलाही त्यांचं वाईट वाटलं. आणि त्याच वेळी डोकं तडकलं. त्यांच्याच वंशातली ही बाई. मग माझ्याशी अशी का वागली?

मग डेस उठला. ऐंशीच्या पुढचा, तरुणपणी आयर्लंडहून इथे बांधकामावर मजुरीला आलेला. त्याचं बोलणं कुणालाच धड कळेना. तरी हॉल खूष.

“काय गोड ॲक्सेंट आहे,” मॉरीन म्हणाली. टाळ्या.

मी सुरी ठेवली. ॲप्रन सोडला. हॉलमध्ये गेले.

“मॉरीन, रविवारचं वाचन माझं आहे. ते मीच करणार.”

“नंतर बोलू या. चहा ठेवलास का?”

“नाही. ठेवणारही नाही.”

कुणी माझी बाजू घेतली नाही. जवळच्या गिरावीन भागातल्या, आमच्याच भारतातल्या दोघी खाली बघत राहिल्या. कार्यक्रमाला आलेली माझी लेक जवळ येऊन कुजबुजली, “मम, जस्ट लीव्ह इट.”

तिला तिथेच सांगितलं, सोडायचं नाही. रविवारी मी सगळ्यांपुढे उभी राहणार. माइक बंद केला तर मोठ्याने वाचीन. वसईच्या तोंडाने. ज्यांना कळत नाही, त्यांनी कान देऊन ऐकावं.